हुरड्यावरची फुंकर

आधी हिराअक्कांचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. हिराअक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जावाजावांचं नातं कसं असतं ते बायकांना सांगायला नको. पाण्याच्या पाळीवरून, म्हशीच्या दाव्यावरून, कुणाच्या लेकराला आधी वाढलं यावरून आम्ही दोघी आयुष्यभर कुरबुरत आलो. तरी देवाच्या आधी त्यांचं नाव घेते, कारण आज मी उताणी झोपू शकते, जिना चढून वर येऊ शकते, आणि लिहिता लिहिता मध्येच सुस्कारा टाकू शकते. सुस्कारा टाकायलाही छातीत आधी हवा असावी लागते. हे मला पूर्वी माहीत नव्हतं.

इथं होसूरला पौषाची थंडी म्हणजे शाल पांघरण्यापुरती. माझा मुलगा प्रकाश सुप्याच्या कंपनीत होता. कंपनीनं त्याला इकडं तमिळ मुलखात पाठवलं, आणि बंगळूरचा मोठा दवाखाना इथून जवळ पडतो म्हणून त्यानं मलाही आणलं. हे, म्हणजे प्रकाशचे वडील, गावीच राहिले. रान आणि जनावरं कुणावर टाकायची? खाली भाजीवाली येते. तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही. दोघी हसतो, आणि ती कोथिंबिरीची काडी जास्त टाकते. दिवस असे बरे जातात. पण काल दुपारी प्रकाशचा फोन वाजला, त्यानं तो माझ्या तोंडासमोर धरला, आणि बघते तर कर्जत तालुक्यातलं आमचं रान. बांधाच्या कडेला आगटी पेटलेली, शेण्यांचा निळा धूर वर चाललेला, भोवती बायका. फोनमधून धूर येत नाही हे मला कळतं. तरी मी तोंड मागं घेतलं.

मग हसूही आलं आणि त्या साली जे झालं ते सगळं पुन्हा समोर उभं राहिलं.

आमच्याकडची शाळू ज्वारी पावसाची नाही. पाऊस जाताना जमिनीत जी ओल ठेवून जातो, तिच्यावर आणि थंडीवर ती येते. पौषात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून थेंब नाही, आणि त्याच भेगांतून पुरुषभर उंच हिरवंगार पीक उभं असतं. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे, पण हे पीक पितं कुठून हे कोडं मला सुटलं नाही. पहाटे पानांवरून दव ओघळतं, पाखरं कणसांवर झोंबतात, कुणीतरी लांबवर गोफण फिरवत ओरडत असतं. दाणा दुधातून नुकता घट्ट होत असतो, तेवढ्याच चार दिवसांत हुरडा. चार दिवस आधी दूध, चार दिवसांनी पीठ. गुळभेंडी म्हणजे खास हुरड्याची गोड ज्वारी, तिची कणसं निखाऱ्यात खुपसायची, हिरव्याची काळपट झाली की काढायची, गरम गरम तळहातावर चोळायची. आणि मग फुंकर. एक लांब फुंकर मारली की कोंडा उडून जातो आणि हातात पोपटी दाणे राहतात. वर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. एवढंच. पण ज्यानं खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही.

त्या साली मला दिवाळीआधीपासून खोकला होता. बाजरीची मळणी झाली होती, भुशानं सगळ्यांचेच घसे धरले होते. सगळ्यांचे सुटले, माझा राहिला. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुप्फुसावर डाग दिसला. थुंकीत काही निघालं नाही, पण आपल्याकडं असा डाग बहुतेकदा टीबीचाच असतो, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. घरात सगळ्यांना हायसंच वाटलं. टीबीला गोळी आहे, मुदत आहे, शेवट आहे. मी गोळ्या घेत होते, खोकत होते, आणि डाव्या कुशीवर झोपणं कधी बंद झालं ते माझं मलाही कळलं नव्हतं. बाईमाणूस कामात असलं की तिला आपलं अंग शेवटी आठवतं.

त्या दिवशी आगटीला घरचेच होतो. अक्कांनी कणीस चोळून माझ्या हातावर दाणे दिले. मी फुंकर मारली. कोंडा तसाच. पुन्हा मारली. दोन-चार पापुद्रे हलले, बाकीचे हाताला चिकटून. मी गुपचूप कोंड्यासकट हुरडा तोंडात टाकला.

"मंदे, कोंडा खायला तू म्हैस हायस का?" अक्का म्हणाल्या.

"असू द्या अक्का, चांगलं लागतंय."

"चांगलं लागतंय म्हनं. फुंकर मार."

"मारली की."

"परत मार. माज्याकडं बघून मार."

मी मारली. फुंकर अर्ध्यात तुटली आणि खोकल्याची उबळ आली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना. थोरले दीर हसत म्हणाले, "म्हातारी झाली मंदा." सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या माझ्या हातातल्या कोंड्याकडं बघत होत्या.

"लगीन होऊन आली त्या सुगीला हिनं एका फुंकरीत सगळा कोंडा माज्या डोळ्यात घातला हुता," त्या म्हणाल्या. "दिसभर डोळा लाल. मी इसरली न्हाई आजून. त्या बाईची फुंकर गेली कुटं?"

"अक्का, गोळ्या चालू हायत. टीबीला सा म्हैने लागत्यात."

"सा म्हैन्यांनी गोळ्याच ऱ्हातील, तू न्हाई ऱ्हायची. उंद्या सकाळच्या एष्टीनं नगरला जायाचं. भावजी जनावरं बघतील, मी येती हिच्यासंगं." भावजी म्हणजे आमचे हे. ते आगटीतल्या निखाऱ्यांकडं बघत नुसते "बरं" म्हणाले. दवाखान्याचं नाव निघालं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. भित्रे नाहीत, नागाला काठीनं बाजूला सारतात. पण पांढऱ्या डगल्यासमोर त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही.

नगरला कळलं की डाव्या फुप्फुसाभोवती पाणी भरलं आहे. पाठीत सुई घालून ते काढलं. मी टेबलावर वाकून बसले होते आणि अक्का समोर उभ्या राहून माझे दोन्ही हात धरून होत्या. नळीतून पाणी उतरत होतं, फिक्या चहासारखं, थांबायचं नाव नाही. बाटली भरत आली तशी अक्का हळूच म्हणाल्या, "काय बाई तरी. आमच्या हिरीला कितीबी खांदलं तरी लागंना, आन् हिला इथं झरा लागला." सुई धरलेले डॉक्टर खुदकन हसले. मला हसता येईना, म्हणून मी त्यांचे हात दाबले.

आणि मग तो श्वास. पाणी उतरल्यावरचा पहिला श्वास मला मरेपर्यंत आठवेल. तो आत गेला आणि थेट तळाला जाऊन टेकला. इतके दिवस मी वरच्या वर, उंबऱ्यातूनच हवा परत पाठवत होते. जन्मापासून प्रत्येक घडीला आत-बाहेर करणारी ही गोष्ट, हिच्याकडं मी कधी बघितलंच नव्हतं. कुणी शिकवली नाही, कुणी सांगितली नाही, झोपेतही चुकत नाही. मी रडले. अक्कांना वाटलं दुखतंय.

पाण्याच्या तपासणीत जे निघालं त्यावरून आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथं तपासायला गाठीचा तुकडा काढला. हेही आले होते. डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, प्रकाशच्या बरोबरीची असेल, पण बोलताना खुर्ची पुढं ओढून बसली. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, असं तिनं सरळ सांगितलं.

"पन हिनं तर कदी विडीला हात लावला न्हाई," अक्का म्हणाल्या.

"न ओढणाऱ्या बायकांनाही होतो, मावशी. म्हणून तर उशिरा कळतो. कुणाच्या मनातच येत नाही. घरात कुणी ओढतं का?"

"चूल वढती की. आमच्या आदी उठती आन् आमी निजल्यावर इजती."

ती हसली नाही. तिनं लिहून घेतलं. मग अक्का तिच्याकडं जराशा वाकल्या. त्यांचा आवाज मी असा बारीक झालेला कधी ऐकला नव्हता. "मी घरात मिशरी भाजती. तंबाकूचा लई धूर हुतो. समदी खोकत्यात. त्यानं झालं का वं हिला?"

आमच्याकडं बायका दाताला मिशरी लावतात. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, तेव्हा शेजारचं घरही खोकतं, आणि तो खोकला म्हणजे आमच्याकडं थट्टेचा विषय. त्या धुराचं कुणी काही मानलंच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, एकाच कशाचं नाव घेता येत नाही. धूर वाईटच, पण कित्येकांना धुराशिवायही होतो. "तुमच्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. पण मिशरी सोडा. ती तुमच्या तोंडालाही चांगली नाही."

अक्कांनी त्या दिवशी डबी पुण्यातच टाकली. घरी येऊन चार दिवस त्या बडीशेप चघळत सगळ्यांवर ओरडत होत्या. पूर्ण सुटली का? मला माहीत नाही. मी विचारत नाही. पण घरात तवा त्यासाठी पुन्हा चुलीवर चढला नाही.

आजार पसरलेला होता. काढून टाकता येणार नाही, पण धरून ठेवता येईल, असं आम्हाला सांगितलं. हे बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा हातात चहाचे दोन कप, एक मला, एक अक्कांना. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी घेतला." घेतला नव्हता. परतीच्या गाडीत अक्का खिडकीबाहेरची रानं बघत होत्या. मग म्हणाल्या, "हराळीगत दिसतंय हे. मुळासकट जात न्हाई. पन खुरपत ऱ्हायलं तर रान पिकतं. आपलं रान काय पिकलं न्हाई का?" एवढं नेमकं मला पुढं कुणीच समजावलं नाही.

आमच्यात सावडीची रीत आहे. पाच-सहा घरच्या बायका मिळून आज एकीच्या रानात काढणी करतात, उद्या दुसरीच्या. त्यात मजुरी नसते. तू माझ्यात राबलीस, मी तुझ्यात राबेन. प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याची सरळ पट्टी, आणि एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत ती ओढत न्यायची. शाळू हातानं मुळासकट उपटायची असते. कमरेचा आणि दमाचा कस लागतो. जिची सावड चुकते तिला कुणी बोलत नाही, पण पुढच्या साली तिला कुणी बोलावतही नाही. ते न बोलणंच लागतं.

माघ सरताना काढणी आली तेव्हा मी ओसरीवर उशाला टेकून बसलेली. माझी सावड चुकणार हे धरूनच होते. अक्का रानातून आल्या, तळव्यांना फोड, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी म्हटलं, "अक्का, एका पातीत एवढं?" त्या म्हणाल्या, "एक कुटली? दोन." मला वाटलं गडी कमी होता. मग शेजारच्या गुंफाबाईंनी सांगितलं. प्रत्येक रानात अक्का दोन पाती धरत होत्या. एक स्वतःची, एक माझी. बायकांनी म्हटलं, राहू दे गं, मंदा आजारी आहे, आम्हाला कळतं की. तर अक्का म्हणाल्या, "आज कळतंय. म्होरच्या सालाला तुमीच म्हनाल, मंदा आता सावडीतली न्हाई. ती सावडीतलीच हाय. तिची पात मोकळी ऱ्हायची न्हाई."

त्या वेळी आम्हा घरातल्यांना वाटत होतं की मी जाणार. माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं, पण माणसं पाहुण्यासारखी हळू बोलायला लागली की कळतं. आणि ही बाई माझी पुढच्या सालची जागा धरून ठेवत होती. रांगेत पदर टाकून जागा धरावी तशी.

पुण्याहून निरोप आला की माझ्या गाठीला एक गोळी लागू पडेल. ते तुकड्यावरूनच बघतात म्हणे, कोणती गोळी चालेल ते. आम्ही ओल्या फडक्यात दाणे बांधून बियाणं उगवतं का बघतो, तसंच काहीसं असावं. रोजची एक गोळी. हरभऱ्याच्या डाळीहून थोडी मोठी. मी ती तळहातावर घेऊन बघत बसायची. हिच्यात असं काय असेल, की ती पोटात पडून बरोबर वाट काढत छातीपर्यंत जाते? ती कुणी शोधली असेल, त्या माणसाला कर्जत तालुका कुठं आहे हे माहीत असेल का? गोळीनं त्रासही दिला. जुलाब झाले, नखांच्या कडा पिकल्या, तोंडभर पुरळ आलं. अक्का बघून म्हणाल्या, "या वयात मुरमं आली. आता हिचं परत लगीन लावावं लागतंय."

पुढच्या स्कॅनला डॉक्टरीणबाईनं दोन चित्रं शेजारी लावली. आधीच्यात डावीकडं पांढरं आभाळ भरून आलेलं. नंतरच्यात ते आभाळ ओसरलेलं, एका कोपऱ्यात मुठीएवढा ढग. आणि बाकी सगळीकडं काळं. ते काळं म्हणजे हवा, ती म्हणाली. माझ्या आतली हवा. मी आमच्या काळ्या रानाचा विचार केला, आणि भेगांतून वर आलेल्या त्या हिरव्या पिकाचा. माणसाच्या आत एवढं असतं आणि आपण वर पदर घेऊन फिरत असतो.

तेव्हापासून मी त्या ढगाबरोबर राहते. तो जात नाही, मीही जात नाही. स्कॅन जवळ आला की मात्र मी माझा प्रत्येक खोकला मोजते. जेवताना एक ठसका लागला तरी हातातला घास ताटात ठेवते. प्रकाश म्हणतो, "आई, तिखटानं ठसका लागला." लागला असेल. पण मला आधी ढग आठवतो.

गेल्या साली सुगीला मी गावी गेले होते. आगटीला बायका आल्या, पण माझ्यापासून हातभर लांब बसल्या. एकीनं मला वेगळ्या पेल्यात चहा दिला. अक्कांनी तो पेला माझ्या हातातून घेतला, निम्मा चहा पिऊन टाकला आणि परत दिला. मग एक जण हसत म्हणाली, "मंदाबाय, खरं सांगा, चोरून विडी वढत हुता का?" मी काही म्हणायच्या आत अक्का म्हणाल्या, "व्हय, तुज्या सासऱ्याची चोरत हुती." हशा पिकला, आणि त्या हशातच बायका जवळ सरकल्या. मग मी सांगितलं. सभेत बोलल्यासारखं नाही, कणसं चोळता चोळता. की पंधरा दिवसांच्या वर खोकला राहिला तर भुशावर ढकलू नका. की थुंकीत रक्त दिसलं, दम लागायला लागला, अंग उगाच झडायला लागलं, तर दाखवा. गोळ्या चालू असूनही गुण येत नसेल तर परत जाऊन विचारा, लाजू नका. की हा कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एका पेल्यातून चहा प्यायलात तरी.

अक्कांची आपली वेगळीच तऱ्हा. त्या प्रत्येकीच्या हातावर हुरडा देत होत्या आणि समोर उभ्या राहून, "फुंकर मारून दाव." डॉक्टरीणबाईला मी हे नंतर फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ही काही तपासणी नव्हे हं. नव्हेच. सावडीतल्या सुनंदाचा कोंडा उडाला नाही, कारण ती हसत सुटली होती. पण गुंफाबाईंचाही उडाला नाही, आणि त्या हसत नव्हत्या. आठवड्यानं अक्का त्यांना ओढतच घेऊन गेल्या. थुंकीत टीबी निघाला. खरा टीबी. मला ज्याच्या गोळ्या फुकट खायला लागल्या तो त्यांना निघाला, आणि त्या गोळ्यांनी त्या खडखडीत बऱ्या झाल्या. यात काय न्याय आहे ते मला कळत नाही, आणि वाईटही वाटत नाही. त्या बऱ्या झाल्या ना.

यंदा स्कॅन सुगीतच आला, म्हणून जाता आलं नाही. परवा आहे. म्हणून काल आगटी फोनवर. अक्कांनी कणीस चोळलं आणि तळहात फोनच्या अगदी समोर आणला. मला नुसते पोपटी दाणे आणि कोंडा आणि त्यांच्या हाताच्या रेषा दिसत होत्या.

"मार," त्या म्हणाल्या.

"अक्का, फोनवर?"

"मार म्हनती तर. बघू दे."

प्रकाश फोन धरून उभा. मी श्वास घेतला, तळापर्यंत, आणि त्या काचेवर फुंकर मारली. कोंडा उडाला. सगळा उडाला. पलीकडं बायका ओरडल्या, गुंफाबाईंनी टाळ्या वाजवल्या. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं आलं होतं, ते प्रकाशनं बाहीनं पुसलं. तिकडून फुंकर अक्कांनी मारली, वाऱ्यानं मारली, का कुणी पदर हलवला, मला माहीत नाही. विचारणारही नाही. अक्का एवढंच म्हणाल्या, "ऱ्हायली हाय आजून फुंकर. जा, काढून ये फोटू."

अक्का, सावड आभार मानून फिटत नाही, हे मला कळतं. ती रानातच फेडावी लागते. परवा ढग तेवढाच असो का मोठा असो, एका सुगीला मी येईन. तुमच्या रानात तुमची पात मी धरीन. पलीकडच्या बांधापर्यंत पोचेन का ठाऊक नाही. दम लागला तर मध्येच बसेन, परत उठेन. त्या दिवशी तुम्ही आगटीपाशी नुसतं बसायचं. कणीस मी चोळीन, दाणे तुमच्या हातावर देईन, आणि कोंडा मी उडवीन. तोंड तेवढं बाजूला करा. डोळ्यात जाईल.